पिन बसते, वीज जुळतेच असं नाही

भिवंडीत परदेशी हेडफोन ॲम्प्लिफायर साधारण तीन वाटांनी घरात येतो: दुबई-शारजाहून सुट्टीवर आलेल्या माणसाच्या बॅगेतून, अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून, नाहीतर जपानमधून जुना मागवून. आल्या आल्या चर्चा होते ती पिनची. नाक्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून कन्व्हर्जन प्लग आणला, पिन बोर्डात बसली, की काम झालं असं धरलं जातं. चांगली यंत्रं पहिल्याच मिनिटाला जळतात ती या समजुतीमुळे.

कन्व्हर्जन प्लग फक्त पिनांचा आकार जुळवतो. बोर्डातून २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ वीज आली, तर प्लगच्या पलीकडेही तीच जाते. अमेरिकेतल्या घरात १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ असतात. जपानमध्ये १०० व्होल्ट, आणि वारंवारता टोकियोकडे ५० तर ओसाकाकडे ६०. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रं घेतली आणि ओसाकाने अमेरिकन, तो फरक आजही टिकून आहे.

गैरसमज: चुकून लावलंच, तर फार तर फ्यूज जाईल

कधी कधी खरंच तेवढ्यावर निभावतं. पण त्या भरवशावर राहू नये. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यातला चुंबकीय ताण व्होल्टेजबरोबर वाढतो आणि वारंवारता कमी झाली की आणखी वाढतो. १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झसाठी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला आपली वीज दिली, तर हा ताण मूळ हिशेबाच्या सुमारे २.३ पट होऊ पाहतो. गाभा तो पेलू शकत नाही. वाइंडिंगमधून भरमसाट प्रवाह वाहतो आणि तार तापते. फ्यूज उडण्याआधीच्या क्षणांत दुसऱ्या बाजूचं व्होल्टेजही चढलेलं असतं. जिथे २० व्होल्ट यायचे आणि म्हणून २५ व्होल्टचा कपॅसिटर बसवला आहे, तिथे ३८ व्होल्टपर्यंत मजल जाऊ शकते. कपॅसिटर फुगतो, रेग्युलेटर जातो, आणि पुढचं नुकसान कुठवर गेलं ते उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

गैरसमज: परदेशी म्हणजे ११० व्होल्ट

उलटही चूक होते. दुबई, सिंगापूर आणि इंग्लंडमध्ये २३० व्होल्टच्या आसपासची, ५० हर्ट्‌झचीच वीज आहे. फक्त पिना चौकोनी. युरोपातही व्होल्टेज आपलंच. अशा यंत्राला स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, लावला, तर ते अर्धमेलं चालेल किंवा चालणारच नाही. सौदीच्या जुन्या वस्त्यांत मात्र १२७ व्होल्ट, ६० हर्ट्‌झ वीज होती, म्हणून ‘गल्फमधून आणलंय’ एवढ्यावर निर्णय घेऊ नये. इंग्लिश चौकोनी प्लगबद्दल एक गोष्ट जाता जाता: त्याच्या पोटात फ्यूज असतो. प्लग कापून आपली साधी पिन बसवली की तो फ्यूजही गेला.

खरं उत्तर यंत्राच्या पाठीवर किंवा ॲडॅप्टरवर छापलेलं असतं. ‘इनपुट’ या शब्दापुढे १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्‌झ असेल, तर आत स्विचिंग पुरवठा आहे आणि पिन जुळवणं एवढंच काम उरतं. नुसते १२० किंवा १०० लिहिले असतील, तर थांबायचं. ११५ आणि २३० अशी निवड करणारी बारीक कळ मागे किंवा तळाशी असेल, तर ती वायर काढलेली असतानाच फिरवायची; सोबत फ्यूजही मॅन्युअलप्रमाणे बदलायचा, कारण २३० वर प्रवाह साधारण निम्मा लागतो आणि जुना फ्यूज त्या हिशेबाने फार मोठा ठरतो.

गैरसमज: पार्सल भिवंडीच्या गोदामातून आलं, म्हणजे भारतीय मॉडेल

मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात देशातल्या बड्या ऑनलाइन विक्रेत्यांची गोदामं आहेत. तिथून माल निघाला याचा अर्थ तो तिथे ठेवलेला होता, इतकाच. खोक्यावर भारतीय आयातदाराचं नाव, पत्ता आणि किंमत असलेलं लेबल पाहावं. ॲडॅप्टर वेगळा असेल, तर त्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का हेही पाहावं. आणि एवढं करूनही ‘इनपुट’ची ओळ वाचायची ती वाचायचीच.

गैरसमज: व्होल्ट आणि गोल पिन जुळली, की कोणताही ॲडॅप्टर चालतो

या विषयातला हा सर्वांत फसवा भाग आहे. राउटरच्या ॲडॅप्टरमधून डीसी बाहेर पडतो. बऱ्याच हेडफोन ॲम्पना मात्र एसी देणारा ॲडॅप्टर लागतो. २०११ मध्ये आलेल्या आणि जगभर हौशी लोकांनी स्वतः जुळवलेल्या ‘ओ-टू’ या ॲम्पची रचना अशीच आहे: बाहेरून एसी येतो आणि आतलं सर्किट त्याच्या दोन्ही अर्धलहरी वापरून धन आणि ऋण असे दोन पुरवठे तयार करतं. त्याला डीसी दिला, तर एकच बाजू जिवंत होते. डीसी मागणाऱ्या यंत्राला एसी दिला, तर त्याहून वाईट घडू शकतं. ‘आउटपुट’समोर छोटी नागमोडी रेघ असेल तर एसी, सरळ रेघ आणि खाली तुटक रेघा असतील तर डीसी.

पण याच रचनेत एक सोयही दडलेली आहे. अमेरिकेहून आलेल्या अशा ॲम्पचा फक्त ॲडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. ॲम्पला घरातली वीज कोणती याच्याशी देणंघेणं नसतं. तेव्हा स्टेप-डाउनच्या भानगडीत न पडता, २३० वरून तेवढेच एसी व्होल्ट आणि तेवढाच प्रवाह देणारा ॲडॅप्टर कंपनीकडून घ्यावा. तो मिळाला नाही, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तसा ट्रान्सफॉर्मर घेऊन चांगल्या डब्यात, फ्यूजसकट बसवून घ्यावा. माझ्या मते हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे.

गैरसमज: स्टेप-डाउन घेतला, की मिटलं

आत फक्त १२० किंवा १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असलेल्या यंत्राला स्टेप-डाउनच हवा, हे खरं. पण कोणता? प्रवासात वापरायचे हलके, ‘१६०० वॅट’ लिहिलेले कन्व्हर्टर इस्त्री आणि केस वाळवण्याच्या यंत्रासाठी असतात. ते लहरीचे तुकडे करून सरासरी खाली आणतात. ॲम्पला ते कधीही लावू नयेत. हवा तो लोखंड-तांब्याचा जड डबा, आणि जमलं तर प्राथमिक व दुय्यम वाइंडिंग वेगळी असलेला. बहुतेक हेडफोन ॲम्प १० ते ३० वॅट घेतात, व्हॉल्व्हचे जास्त. १०० व्हीएचा डबा बहुतेकांना पुरतो.

आता भिवंडीचा मुद्दा. इथलं वीजवितरण २००७ पासून महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर पाहते, आणि गावाचा मोठा भार यंत्रमागांचा आहे. मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सात पट प्रवाह ओढते. कारखान्याला लागून असलेल्या घरात दिवे क्षणभर मंद होतात ते त्यामुळे. लूम थांबले की भार उतरतो आणि त्याच तारेवरचं व्होल्टेज चढतं. २३० च्या मानकात १० टक्के वर-खाली धरलं आहे, म्हणजे २०७ ते २५३. दुकानात मिळणारा स्टेप-डाउन बहुधा २२० चे ११० करणारा असतो. म्हणजे तो येणाऱ्या व्होल्टेजचं निम्मं करतो, बस्स. बोर्डात २५३ आले, तर पुढे १२६.५ जातात.

अमेरिकन १२० व्होल्टच्या यंत्राला हे चालून जातं. जपानी १०० व्होल्टच्या यंत्राला ते २६ टक्क्यांहून जास्त आहे, आणि ते रोज सोसावं लागलं तर ट्रान्सफॉर्मर गरम राहतो, व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. जपानी यंत्रासाठी २३० चे नेमके १०० करणारा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घ्यावा. मग २५३ ला ११० आणि २०७ ला ९० मिळतात. जास्त पैसे लागतात, पण ते खर्च करण्यासारखे आहेत.

वारंवारता स्टेप-डाउनने बदलत नाही. ५०/६० लिहिलेल्या यंत्राला त्याने काही होत नाही. फक्त ६० लिहिलेलं असेल, तर गाभ्यावर २० टक्के जादा ताण पडतो. यंत्र जास्त तापतं का, गुणगुणतं का, ते पहिले काही दिवस पाहावं. ‘आवाजाची पट्टी खाली जाते’ हा मात्र निव्वळ गैरसमज. जुन्या रेकॉर्ड प्लेअरची मोटर वारंवारतेवर फिरते, ॲम्पमध्ये फिरणारं काहीच नसतं.

गैरसमज: स्टॅबिलायझर आणि सर्ज प्रोटेक्टर आहेत, मग काळजी नाही

स्टॅबिलायझर हलणारे २३० स्थिर करतो, त्याचे १२० करत नाही. सर्ज प्रोटेक्टर क्षणिक झटका गिळतो. जुन्या चाळींच्या मीटरपेटीत खरा धोका असतो तो न्यूट्रल तुटण्याचा. तीन फेजांच्या जोडणीत न्यूट्रल सुटला, तर एखाद्या घरात व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढू शकतं आणि तसंच राहतं. त्यापुढे १००–२४० वालं यंत्रही टिकत नाही आणि सर्ज प्रोटेक्टर स्वतःच जळतो. इथे कामी येतो व्होल्टेज मर्यादेबाहेर गेल्यावर लाइन तोडणारा कट-ऑफ.

गैरसमज: तिसरी पिन नसली तरी चालतं

पाठीवर चौकोनात चौकोन ही खूण असेल तरच. धातूच्या डब्याच्या बाकीच्या ॲम्पना अर्थिंग लागतंच, कारण आत तार निसटली की डबाच फेज होतो आणि हेडफोनची वायर थेट कानाशी असते. युरोपचा जाड गोल प्लग आपल्या बोर्डात बसतो, पण त्याच्या अर्थच्या पट्ट्या कडेला असतात. आपल्या सॉकेटमध्ये त्यांना स्पर्श करणारं काहीच नाही. पिनाही आपल्या पिनांपेक्षा किंचित बारीक, म्हणजे सैल आणि ठिणग्यांना वाव. बाजारातल्या कित्येक स्टेप-डाउनना तर दोनच भोकं असतात.

लॅपटॉप जोडल्यावर घुमारा येतो म्हणून काहीजण मुद्दाम अर्थ तोडतात. ते करू नका. दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, तरी घुमारा राहिला तर मध्ये यूएसबी आयसोलेटर लावा. आणि बोर्डातलं तिसरं भोक खरंच जमिनीशी जोडलेलं आहे का, हे वायरमनकडून मीटर लावून पाहून घ्या: फेज ते अर्थ हा आकडा फेज ते न्यूट्रलच्या जवळपास यायला हवा. तो शून्य किंवा अर्धामुर्धा आला, तर ॲम्प खोक्यातच ठेवून आधी अर्थिंगचं काम काढावं.