बेवारस कंटेनरचा लिलाव: आत काय आहे, आणि ते कुणाचं?

चेन्नईहून बेंगळुरूच्या दिशेने निघालं, की श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागतं. मोटर शर्यतींच्या शौकिनांना हे नाव तिथल्या रेस ट्रॅकमुळे माहीत असतं. बाकीच्यांना ते ह्युंदाईच्या कारखान्यामुळे ठाऊक असतं. १९९८ साली सँट्रो गाडी इथूनच बाहेर पडायला लागली. आजूबाजूला सिपकॉटची औद्योगिक वसाहत आहे, सुट्या भागांचे कारखाने आहेत, गोदामं आहेत आणि कंटेनर उतरवून घेणारा, कस्टमच्या देखरेखीखालचा डेपोही आहे. समुद्र इथून बराच लांब आहे, पण बंदराची बरीचशी कामं इथे जमिनीवरच होतात. म्हणून अशा जागेला कोरडं बंदर म्हणतात. समोरून जाणारा महामार्ग क्रमांक ४८ पुढे बेळगाव, कोल्हापूर, सातारा, पुणे करत मुंबईकडे जातो. त्यामुळे उरण-पनवेलच्या माणसाला हे दृश्य नवं वाटणार नाही. न्हावा-शेवा बंदरामागचे कंटेनर यार्ड असेच दिसतात. एकावर एक रचलेले लोखंडी डबे, प्रत्येकाच्या दाराला सील, आणि आत काय आहे ते फक्त कागदावर.

बहुतेक डबे थोड्याच दिवसांत निघून जातात. काही मात्र तिथेच राहतात. महिना जातो, वर्ष जातं, पण त्यांना न्यायला कुणी येत नाही. मग एक दिवस त्यांचा लिलाव निघतो.

'लिलाव' म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतला तो टीव्ही कार्यक्रम येतो. 'स्टोरेज वॉर्स' २०१० च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. भाडं थकलेल्या खोलीचं शटर वर जातं, लोक दाराबाहेरूनच आत डोकावतात, बोली लागते, आणि मग एखाद्या मळक्या खोक्यातून मौल्यवान काहीतरी निघतं. त्याचे तुकडे आता मोबाइलवर फिरतात आणि घरातली मुलं विचारतात, "बाबा, आपल्याकडे असं घेता येतं का?"

उत्तर असं आहे: घेता येतं, पण तसं नाही.

आपला कायदा काय म्हणतो

अमेरिकेत बहुतेक राज्यांमध्ये भाड्याच्या साठवणखोल्यांसाठी वेगळा कायदा आहे. भाडं थकलं, ठरल्याप्रमाणे नोटीस दिली, की मालकाला आतल्या सामानाचा लिलाव करता येतो. आपल्याकडे पुण्या-मुंबईत आणि चेन्नईतही घरसामान ठेवायला खोल्या भाड्याने मिळू लागल्या आहेत, पण त्यांचा आधार १८७२ चा जुना करार कायदा. गहाण ठेवलेली वस्तू रीतसर नोटीस देऊन विकता येते, असं त्याचं कलम १७६ सांगतं. नुसती सांभाळायला दिलेली वस्तू भाड्यापोटी विकून टाकण्याचा असा सरळ हक्क त्यात लिहिलेला नाही. म्हणून कंपन्या तो हक्क करारातच घालून घेतात. बदली झाली म्हणून फर्निचर अशा खोलीत ठेवणार असाल, तर सही करण्याआधी ते बारीक अक्षरातलं कलम वाचा. किती महिने भाडं थकल्यावर, कोणत्या पत्त्यावर नोटीस पाठवून ते सामान विकू शकतात, हे तिथेच असतं. पत्ता बदलला आणि तुम्ही कळवलंच नाही, तर नोटीस जुन्या घरी जाऊन पडते.

आपल्याकडे बंद डब्यांचा मोठा आणि रीतसर लिलाव होतो तो मात्र बंदरातल्या मालाचा. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातलं कलम ४८ त्यासाठीच आहे. जहाजातून उतरलेला माल ३० दिवसांत सोडवून नेला नाही आणि मुदतवाढही मिळाली नाही, तर आयातदाराला नोटीस देऊन, कस्टमच्या परवानगीने, तो माल ज्याच्या ताब्यात आहे तो विकू शकतो. नाशवंत वस्तू, जिवंत जनावरं आणि धोकादायक माल यांच्यासाठी ३० दिवस थांबण्याचंही बंधन नाही.

आता पैसे भरून मागवलेला माल कुणी सोडून का देईल? त्यामागे बहुतेक वेळा एखाद्या धंद्याची फसगत असते. माल समुद्रात असतानाच बाजारातला भाव पडतो. आयातदाराकडे शुल्क भरायला पैसे उरत नाहीत. एखादा परवाना लागतो हे उशिरा कळतं. पाठवणारा आणि मागवणारा यांच्यात मालाच्या दर्जावरून भांडण होतं. या सगळ्यात घड्याळ चालूच असतं. यार्ड जागेचं भाडं लावतं, आणि मोफत दिवस संपले की जहाज कंपनी डब्याचं वेगळं भाडं मोजायला लागते. एक वेळ अशी येते की थकलेली रक्कम मालाच्या किमतीपुढे जाते. त्यानंतर माल सोडवणं म्हणजे आणखी खड्ड्यात जाणं. कायद्यात अशा माणसासाठी एक दार आहे. माल सोडण्याचा हुकूम होण्याआधी कलम २३ खाली मालावरचा हक्क लेखी सोडून दिला, तर शुल्क भरावं लागत नाही. मात्र त्या मालाबाबत गुन्हा घडल्याचं दिसत असेल, तर ही सवलत नाही. अनेक छोटे आयातदार हे दार बंद झाल्यावरच वकिलाकडे जातात.

चेन्नईचे ३७ डबे

पडून राहिलेला माल म्हणजे फक्त धूळ खाणारी खोकी, असं वाटत असेल तर २०२० चा ऑगस्ट आठवा. ४ तारखेला बैरूत बंदरातल्या गोदामात स्फोट झाला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. तिथे सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट होतं. २०१३ साली एका जहाजातून आलेलं आणि तिथेच अडकून पडलेलं.

ती बातमी आली आणि चेन्नईत लोकांना आपल्या दाराशी काय आहे ते कळलं. शहराच्या उत्तरेला मणलीच्या एका कंटेनर यार्डात ३७ डब्यांमध्ये सुमारे ६९७ टन अमोनियम नायट्रेट ठेवलेलं होतं. हा माल कुणी सोडून दिलेला नव्हता. २०१५ साली कस्टमने तो जप्त केला होता, त्यावर वाद चालला होता, आणि त्यातला काही भाग त्याच वर्षीच्या पुरात खराब झाला होता. पाच वर्षं डबे तिथेच होते. बैरूतनंतर मात्र काही दिवसांतच ई-लिलाव पार पडला आणि माल हैदराबादच्या एका कंपनीकडे रवाना होऊ लागला. इतकी वर्षं न हललेली फाइल इतक्या झटपट हलली, यातच सगळं आलं.

तेव्हा लिलाव म्हणजे केवळ कुणाच्या तरी नफ्याची संधी नव्हे. यार्डातली जागा मोकळी होणं, डबा पुन्हा फिरू लागणं, धोक्याचा माल योग्य हाती जाणं, हेही त्यावर अवलंबून असतं.

बोली लावण्याआधीच नफा ठरतो

हे लिलाव आता बहुतांशी ऑनलाइन होतात. १९६४ साली भंगाराच्या व्यापारासाठी स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी आज अशा ई-लिलावांचं मोठं व्यासपीठ आहे. नोंदणी करायची, पॅन आणि जीएसटीचे कागद द्यायचे, अनामत रक्कम भरायची, लॉटची यादी वाचायची. टीव्हीवरल्या प्रकारापेक्षा इथे एक महत्त्वाचा फरक आहे. माल बघण्यासाठी दिवस ठरवून दिलेले असतात आणि यादीत वर्णनही असतं. म्हणजे अंधारात उडी मारायची सक्ती नाही. तरीही लोक मारतात, कारण यार्डापर्यंत जाण्याचा कंटाळा.

अटींमध्ये एक ओळ ठरलेली असते: माल 'जसा आहे, जिथे आहे' तसा. नंतर निम्मी खोकी भिजलेली निघाली, तरी तक्रार चालत नाही. मुदतीत पूर्ण पैसे भरले नाहीत तर अनामत जाते. माल वेळेत उचलला नाही तर जागेचं भाडं तुमच्या नावावर चढायला लागतं. ज्या कारणाने पहिला मालक बुडाला, त्याच कारणाने दुसराही बुडू शकतो.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, ऑफिसच्या ३०० खुर्च्यांचा लॉट तुम्ही ३ लाखांना घेतला. एक खुर्ची हजार रुपयांना, वा! आता वरचा कर १८ टक्के धरला तर ५४,००० रुपये. ट्रक आणि हमाली ४०,०००. दोन महिने गोदामाचं भाडं ३०,०००. झाले ४ लाख २४ हजार. डबे फोडल्यावर कळतं की ६० खुर्च्यांचे स्क्रूच आलेले नाहीत किंवा चाकं तुटली आहेत. विकण्याजोग्या उरल्या २४०. म्हणजे एक खुर्ची पडली जवळपास १,७६७ रुपयांना. नोंदणी केलेल्या व्यापाऱ्याला कराची वजावट मिळू शकते, हौशी माणसाला ती नाही. शिवाय २४० खुर्च्या विकायच्या कुणाला? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार जातील, सहा जातील. ज्याच्याकडे आधीपासून गिऱ्हाईक आहे, तोच यात टिकतो. जुने खेळाडू म्हणून आधी गिऱ्हाइकाला फोन करतात, मग बोलीचा आकडा ठरवतात.

काही लॉट सामान्य माणसासाठी नसतातच. खाण्याच्या वस्तूंना अन्नसुरक्षा विभागाची मंजुरी लागते, औषधांना औषध नियंत्रकांची. जुने संगणक, बॅटऱ्या असा ई-कचरा प्रदूषण मंडळाची परवानगी असलेल्यांनीच घ्यायचा. बंद पडलेली ब्रँडेड घड्याळं स्वस्तात दिसली तर ती खरी आहेत का, हा प्रश्न आधी विचारा. नकली माल विकणं हा गुन्हा आहे, मग तो कुठूनही आलेला असो.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. "कस्टमने जप्त केलेले आयफोन, निम्म्या किमतीत, आजच पैसे भरा" असा मेसेज आला, तर तो लिलाव नसतो. खऱ्या लिलावाची जाहिरात असते, माल बघायचा दिवस असतो, मुदत असते. कुठलाही अधिकारी कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. कस्टमच्या पत्रावर 'डीआयएन' हा ओळख क्रमांक असतो आणि तो खरा आहे का, हे खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतं. आजोबांना हे तपासून द्यायचं काम नातवंडांनी घ्यायला हरकत नाही.

खोक्यातलं घर

आतापर्यंत व्यापाऱ्यांच्या मालाबद्दल बोललो. पण बंदरात घरंही येतात. दुबईहून, अमेरिकेहून कायमचं परतणारं कुटुंब सामान जहाजाने पाठवतं: भांडी, पुस्तकं, मुलांची सायकल, आईची शिवणयंत्रं. त्यांना कायद्यात सवलती आहेत, पण त्यासाठी कागद लागतात, मूळ पासपोर्ट लागतो, आणि वेळेत यावं लागतं. ३० दिवसांचं ते कलम अशा सामानालाही लागू आहे. जो एजंट तिकडे "दारापर्यंत पोचवतो" म्हणाला, त्याने इकडचे कर आणि जागेचं भाडं धरलंय का, हे लेखी घ्या. खोक्यांची यादी, फोटो आणि बिल ऑफ लेडिंगची प्रत सामानात न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवा. दागिने, पदव्यांची मूळ प्रमाणपत्रं आणि जुने फोटो तर डब्यात घालूच नका.

फोटोंवरून शिकागोची एक हकिकत सांगायलाच हवी. तिथे एका बाईंच्या साठवणखोलीचं भाडं थकलं आणि २००७ साली त्यांचं सामान लिलावात गेलं. जॉन मालूफ नावाच्या तरुणाला आपल्या वस्तीवरच्या पुस्तकासाठी जुने फोटो हवे होते. त्याने निगेटिव्हचं एक खोकं सुमारे चारशे डॉलरला घेतलं. पुस्तकाच्या कामाचे फोटो त्यात नव्हते. होती ती रस्त्यावरची माणसं, मुलं, म्हातारे, दुकानांच्या काचा. काढणारी होती व्हिव्हियन मायर, मुलं सांभाळण्याचं काम करणारी. आपले फोटो तिने क्वचितच कुणाला दाखवले होते. मालूफला तिचा माग लागला तो २००९ मध्ये, तिच्या निधनाची छोटी बातमी वाचून. आज ती विसाव्या शतकातल्या मोठ्या छायाचित्रकारांमध्ये गणली जाते. पुढे कोर्टकज्जे झाले, कारण निगेटिव्ह विकत घेतल्याने त्या चित्रांचे हक्क विकत मिळत नाहीत.

ही गोष्ट लिलावाची जादू म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात वेगळंच काही दिसतं. खोलीचं भाडं भरता न आलेली एक म्हातारी बाई तेव्हा त्याच शहरात जिवंत होती. अमेरिकेतल्या अनेक लिलावांत आता अट असते, की कुटुंबाचे फोटो आणि खासगी कागद सापडले तर घेणाऱ्याने ते कार्यालयात परत द्यावेत.

आपल्या कायद्यातही मालकाची आठवण ठेवलेली आहे, कलम १५० मध्ये. लिलावातून आलेल्या पैशातून आधी लिलावाचा खर्च जातो. मग जहाज कंपनीने कळवलेलं भाडं, मग शुल्क, मग यार्डाचे पैसे, मग सरकारचं आणखी काही येणं असेल तर ते. एवढं सगळं वजा जाऊन काही उरलं, तर ते मालकाचं. सहा महिन्यांत ते त्याला देता आलं नाही, तर सरकारजमा होतं. तुमचा माल कधी असा विकला गेला असेल, तर यार्डाकडे लेखी अर्ज करून विक्रीचा हिशेब मागा, आणि सहा महिने उलटायच्या आत मागा.