जय भीम, आडनाव आणि दसरा

नागपुरात बौद्ध आणि सवर्ण शेजाऱ्यांमधले गैरसमज बहुतेक वेळा साध्या बोलण्यातूनच सुरू होतात. ‘जय भीम’ ही अनेकांना राजकीय घोषणा वाटते. बौद्ध घरांत मात्र तो ‘रामराम’सारखाच रोजचा नमस्कार आहे. तो रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. १९३७ साली ते प्रांतिक विधानसभेवर निवडून आले होते. ‘रामराम’ला ‘जय भीम’ असे उत्तर आले की एकाला ते आव्हान वाटते, दुसऱ्याला साधा शिष्टाचार.

आडनावाचे दुखणे याहून अवघड. खोली भाड्याने देताना ‘पूर्ण नाव काय?’ असे विचारणारा त्याला निव्वळ चौकशी म्हणतो; ऐकणाऱ्याला त्यात जातीचा शोध जाणवतो, आणि हा संशय नेहमीच खोटा नसतो. इथे ‘गैरसमज’ हा शब्द जरा सौम्यच.

दसऱ्याचेही तसेच. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, दसऱ्याच्याच दिवशी, डॉ. आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापनाही याच शहरात १९२५ च्या दसऱ्याला झालेली. त्यामुळे संघाला डिवचण्यासाठी नागपूर निवडले, अशी चर्चा झाली. दुसऱ्याच दिवशीच्या भाषणात आंबेडकरांनी ती फेटाळली आणि बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या इथल्या नाग लोकांचा दाखला दिला.

‘धर्म बदलला, मग सवलती कशाला?’ हा प्रश्नही नेहमीचा. धर्मांतराने मागासलेपण संपत नाही, हे मान्य करून १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या.