फिरता निधी वाटून घेण्यासाठी नसतो

महिला बचत गटाला ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून एकदाच जी छोटी रक्कम मिळते, तिला फिरता निधी म्हणतात. महाराष्ट्रात हे अभियान 2011 पासून ‘उमेद’ या नावाने चालते. ही रक्कम बरीच वर्षे 10 ते 15 हजार रुपये होती; राज्याने अलीकडे ती 30 हजार केली. रक्कम वाढली तसा तिच्याभोवतीचा जुना गैरसमजही बळावला. अमरावती-अकोल्याकडच्या गावांत गटाच्या खात्यात निधी जमा झाला की पुढच्याच बैठकीत कुणीतरी म्हणते, ‘आपल्या नावानं आला, तं आपल्याले भेटला पायजे.’ मग दहा जणींत दहा वाटे पडतात, सह्या-अंगठे होतात आणि विषय संपतो.

हे नियमाला धरून नाही. रिझर्व्ह बँकेने या अभियानाबाबत बँकांना दिलेल्या परिपत्रकात निधीचे स्वरूप स्पष्ट सांगितले आहे. तो गटाचे भांडवल म्हणून दिला जातो. गटाला पैशाचा व्यवहार सांभाळण्याची सवय लागावी आणि कर्ज घेऊन फेडल्याचा चांगला इतिहास तयार व्हावा, हा त्याचा हेतू आहे. हा निधी सरकारला परत करायचा नसतो, एवढे खरे. पण त्यावरून तो सभासदांचा वैयक्तिक होतो, हा निष्कर्ष कुठल्याच कागदात नाही. मालक गट आहे. सभासदाला त्यातून मिळते ते कर्ज, आणि ते गटाला फेडावे लागते. निधीच्या नावातच ‘फिरता’ आहे. वाटलेला पैसा फिरत नाही.

हिशेब करून पाहिला की नुकसान दिसते. दहा जणींचा गट, प्रत्येकीची महिन्याची बचत 100 रुपये. सहा महिन्यांत बचत होते 6 हजार. त्यात 30 हजारांचा निधी आला की गटाकडे 36 हजार झाले. निधी वाटला तर प्रत्येकीच्या वाट्याला 3 हजार येतात. 2024 च्या खरिपात बीटी कपाशीचे पाकीट 864 रुपयांना होते, म्हणजे तीन पाकिटे आणि वर चारशे रुपये. पेरणीआधीच पैसा संपला. तोच पैसा गटात ठेवला तर जूनमध्ये तिघींना बियाण्यासाठी दहा-दहा हजार मिळू शकतात, त्यांची परतफेड सुरू झाली की उरलेल्यांना पोरांच्या फीसाठी किंवा दवाखान्यासाठी. व्याज शेकडा एक रुपया महिना धरले आणि 30 हजार वर्षभर कुणा ना कुणाकडे कर्जाऊ राहिले, तर 3,600 रुपये गटाच्याच पेटीत जमतात.

खरा फटका पुढे बँकेत बसतो. पहिले कर्ज देताना बँक गटाच्या एकूण भांडवलाच्या सहापटीचा हिशेब करते. या भांडवलात बचत, अंतर्गत कर्जावरचे व्याज आणि फिरता निधी, तिन्ही धरले जातात. 36 हजारांची सहापट 2 लाख 16 हजार. निधी वाटून टाकलेल्या गटाच्या 6 हजारांची सहापट 36 हजार. कर्जाच्या किमान रकमेची तरतूद नियमात आहे, पण तीही पंचसूत्री पाळणाऱ्या गटासाठीच: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत नोंदी. ज्या गटाच्या कर्ज नोंदवहीत निधी आल्याच्या तारखेनंतर एकही ओळ नाही, त्याने पंचसूत्रीतली तिसरी आणि चौथी सूत्रे पाळलीच नाहीत, हे बँकेच्या माणसाला वही उघडताच कळते. तीन हजारांच्या वाट्यापायी दोन लाखांच्या कर्जाचा रस्ता गट स्वतःच्या हाताने बंद करतो, आणि मग ‘बँक गरिबाले उभं करत नाही’ ही तक्रार सुरू होते. बँकांविषयीच्या बऱ्याच तक्रारी खऱ्या असतात, ही नसते.

या समजाचे मूळ जुन्या योजनेत आहे. 1 एप्रिल 1999 पासून स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना होती. तिच्यात गटाच्या उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या निम्मे, जास्तीत जास्त सव्वा लाखापर्यंत अनुदान होते. तेव्हापासून ‘गट म्हणजे अनुदान’ हे समीकरण डोक्यात बसले. त्या योजनेतसुद्धा अनुदान हातात वाटायला मिळत नसे. ते कर्जाशी बांधलेले होते आणि परतफेडीच्या शेवटी वळते केले जाई. नव्या अभियानात हे भांडवली अनुदान बंदच झाले. तरीही गट पाडताना अनुदानाचे आमिष दाखवणारे गावोगाव भेटतात, आणि त्यांच्या शब्दावर बाया शंभर-शंभर रुपये भरतात. यातला काही दोष समजावून न सांगणाऱ्या यंत्रणेचाही आहे.

नाव बदलून नवा गट दाखवला की पुन्हा निधी मिळतो, हाही समज त्याच मुळावर वाढलेला. ज्या गटाला पूर्वी निधी मिळालेला नाही त्यालाच तो मिळतो. त्याच बायांचा गट मोडून नवे नाव दिले, तर जुना व्यवहार आणि त्यासोबत पत मात्र नक्की जाते.

निधी आधीच वाटून झाला असेल तर तो गटात परत आणता येतो. बैठकीत ठराव करायचा, प्रत्येकीने घेतलेली रक्कम तिच्या नावावर कर्ज म्हणून लिहायची आणि हप्ते बांधून वसूल करायची. 3 हजारांचे दहा हप्ते केले तर महिना 300 रुपये.

अभियानातूनच येणाऱ्या समुदाय गुंतवणूक निधीबाबतचा घोळही असाच. तो गटाला बक्षीस मिळत नाही. तो गटांच्या ग्रामसंघाकडे किंवा प्रभागसंघाकडे कायमचा राहतो, गटाला कर्ज म्हणून मिळतो आणि व्याजासह संघाला परत जातो. एका गटाने थकवला की पुढच्या गटाची पाळी लांबते, सरकारचे काहीच बिघडत नाही.

फिरता निधी सरपंच मिळवून देतो, असे निवडणुकीच्या सुमारास ऐकू येते. रक्कम गटाच्या बँक खात्यात थेट जमा होते; तिथे सरपंचाची सही लागत नाही.

गटाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी हवी, हेही खोटे. वीस सभासदांपर्यंतच्या गटाला नोंदणीशिवाय बँकेत खाते उघडता येते.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ती रक्कम गावातल्या सर्व स्त्रिया-मुलांसाठी आहे. कुठल्याही एका गटाचा तिच्यावर हक्क नाही.

अनुदान पूर्ण संपलेले नाही, पण ते ठरावीक योजनांत आहे. समाजकल्याण विभागाची मिनी ट्रॅक्टर योजना आखली गेली तेव्हा कमाल मर्यादा साडेतीन लाख आणि अनुदान 90 टक्के होते, म्हणजे गटाने 35 हजार भरायचे. गटातले किमान 80 टक्के सभासद आणि अध्यक्ष-सचिव अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असावे लागतात. पापड, हळद, लोणचे करणाऱ्या गटांसाठी 2020 पासून केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत सभासदामागे 40 हजारांपर्यंत बीज भांडवल आहे. ते संघाला अनुदान म्हणून मिळते आणि सभासदाला कर्ज म्हणूनच.

आठवड्याचा हप्ता घेणाऱ्या कंपनीचा ‘गट’ हा बचत गट नव्हे. तिथे बचत नसते, एकमेकींच्या कर्जाची हमी असते. त्या गटाला फिरता निधी मिळत नाही.

असाच गैरसमज गटांबाहेरच्या निधीबाबतही आहे. पेसाचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याशी जोडलेला, पाच टक्के अबंध निधी सगळ्या आदिवासी गावांना मिळतो, असे अकोट-तेल्हाऱ्याकडे बोलले जाते. तो अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींसाठी आहे. अमरावती जिल्ह्यातले धारणी आणि चिखलदरा हे तालुके त्या क्षेत्रात येतात. अकोला जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही.