हात लावून पाहा

आमच्या शाळेत विज्ञान साहित्याचे एक लोखंडी कपाट आहे. त्यात काही परीक्षानळ्या, दोन भिंगे, एक लोहचुंबक, लिटमस कागदाचा पुडा आणि वरचे प्लास्टिकही न काढलेला एक सूक्ष्मदर्शक आहे. चावी आमच्याच खिशात असते. वर्षातून एकदा, तपासणीच्या आधी, आम्ही ते कपाट उघडतो, धूळ पुसतो, वस्तू यादीशी ताडून पाहतो आणि पुन्हा कुलूप लावतो. फुटले तर भरून कोण देणार? मुले त्या कपाटाला 'म्यूजियम' म्हणतात, हे आम्हाला अलीकडेच कळले.

आमची शाळा वर्धा जिल्ह्यातली, उर्दू माध्यमाची. एसटीने वर्धा तासाभरावर. मुलांचे वडील कुठे वेल्डिंग करतात, कुठे सायकलचे पंक्चर काढतात, कुणाचे शिलाईचे दुकान, कुणाची फळांची गाडी. दरवर्षी सहल म्हटली की एखादा किल्ला नाहीतर बाग. या वेळी आम्ही तिघा शिक्षकांनी ठरवले की नागपूरच्या अपूर्व विज्ञान मेळाव्याला जायचे. त्याच्याबद्दल ऐकून बरीच वर्षे झाली होती. इतक्या जवळ असून आम्ही कधी गेलो नव्हतो, हे सांगायला संकोच वाटतो.

हा मेळावा असोसिएशन फॉर रिसर्च अँड ट्रेनिंग इन बेसिक सायन्स एज्युकेशन ही संस्था आणि नागपूर महानगरपालिका मिळून भरवतात. ठिकाण उत्तर अंबाझरी मार्गावरचे राष्ट्रभाषा भवन. नेहमीच्या विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचे धरण आणि ज्वालामुखी मांडलेला असतो आणि पाठ केलेले भाषण ऐकून आपण पुढे जातो. इथे तसे नाही. प्रयोग साधे, सामान घरचे, म्हणजे बाटल्या, फुगे, स्ट्रॉ, मेणबत्त्या, चुंबक आणि तार. आणि प्रयोग करून दाखवणारी मुले महानगरपालिकेच्या शाळांमधली. मोठ्या फीच्या शाळेतली नव्हेत, आपल्या मुलांसारखीच.

पालकांची परवानगी मिळवणे हाच पहिला प्रयोग होता. आमच्या सहकारी मॅडम घरोघर गेल्या. अम्मींचे प्रश्न ठरलेले होते. मुली किती, सोबत कोण, परत केव्हा? एका आजीने विचारले, "मगरिबच्या आत घरी येतील ना?" हिवाळ्याचे दिवस, साडेपाचलाच सूर्य मावळतो. खोटे कशाला सांगायचे? मॅडम म्हणाल्या, "नानी, मगरिबला नाही जमणार. इशापर्यंत इन्शाअल्लाह प्रत्येक मुलीला दारात सोडू." आजींनी थोडा विचार केला आणि हो म्हटले. दोन घरांतून मात्र नकार आला, तो शेवटपर्यंत बदलला नाही.

एका मुलाबद्दल आमच्यातच मतभेद होते. नववीतला हा मुलगा आठवड्यातून दोन दिवस तरी गैरहजर असतो. वडिलांचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे, तिथे बसतो. शेतकऱ्यांचे पाण्याचे पंप, घरचे मिक्सर, पंखे, सगळे तिथे येते. चाचणीत विज्ञानात त्याला वीसपैकी चार गुण होते. आम्हीच म्हणालो, "याला नेऊन काय उपयोग? एखाद्या अभ्यासू मुलाची जागा जाईल." मॅडमनी त्याचे नाव खोडू दिले नाही.

फजरनंतर गाडी निघाली. एसटीची बस प्रासंगिक करारावर घेतली होती. सेलू, केळझर, बुटीबोरी असा रस्ता. थंडी इतकी होती की खिडक्या उघडायला कुणी तयार नव्हते. डबे मात्र केळझरच्या आधीच उघडले गेले आणि बसभर शामी कबाबचा वास पसरला.

मेळाव्यात शिरताच मुले थबकली. टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलामागे गणवेशातली दोन-तीन मुले. आमची मुले हात मागे बांधून उभी राहिली. ही सवय आम्हीच लावलेली. एका टेबलावरची मुलगी म्हणाली, "दूर का उभे? घ्या ना हातात." तरी मुलांनी आधी आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलवली तेव्हा कुठे पहिला हात पुढे झाला.

एका टेबलावर बुटाच्या खोक्याचा सूचिछिद्र कॅमेरा होता. खोक्याच्या एका बाजूला सुईचे छिद्र, समोरच्या बाजूला तेल लावलेला कागद. छिद्र बाहेरच्या झाडाकडे धरले की कागदावर झाड उलटे दिसते. आमच्या मुली आळीपाळीने ओढणी डोक्यावरून पुढे घेऊन, अंधार करून, आत पाहत होत्या आणि किंचाळत होत्या. आम्हाला इब्न अल-हैसम आठवला. सुमारे हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेला आणि पुढे काहिरात राहिलेला हा विद्वान. डोळ्यांतून किरण निघून वस्तूवर पडतात म्हणून आपल्याला दिसते, असे त्याच्या आधी अनेक मोठमोठे लोक मानत. त्याने 'किताब अल-मनाज़िर' या ग्रंथात मांडले की प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो. आणि नुसते मांडले नाही. अंधाऱ्या खोलीला एक छिद्र, बाहेर ओळीने दिवे, आत भिंतीवर तितकेच प्रकाशाचे ठिपके. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होतो. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात आम्ही त्याचे नाव अभिमानाने घेतो. पण वीस वर्षांच्या नोकरीत एका खोक्याला सुईने छिद्र पाडून ते मुलांच्या हातात दिले नव्हते.

पुढच्या टेबलावर आमची खरी परीक्षा झाली.

बशीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उलटा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढते. पांढरा स्कार्फ बांधलेली आठवीतली एक मुलगी हा प्रयोग दाखवत होती. तिने विचारले, "सर, पाणी का चढले?" आम्ही उत्साहाने सांगितले की मेणबत्तीने ऑक्सिजन वापरला, त्याची जागा रिकामी झाली, हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के म्हणून पाणी साधारण पाचव्या हिश्शापर्यंत चढते. बी.एड.च्या पाठाच्या वेळी याच उत्तराला आम्हाला शाबासकी मिळाली होती.

मुलगी काही बोलली नाही. तिने त्याच बशीत तीन मेणबत्त्या लावल्या आणि तोच ग्लास उलटा ठेवला. पाणी पहिल्यापेक्षा स्पष्ट वर चढले. "ग्लास तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजनही तेवढाच. मग पाणी जास्त का चढले?" आम्ही गप्प. ती म्हणाली, "पुन्हा करते, आता ग्लासच्या कडेकडे बघा." ग्लास ठेवताना कडेखालून बुडबुडे बाहेर पडले. मेणबत्त्या जळत होत्या तोवर पाणी फारसे हललेही नाही, विझल्यावर झपकन वर आले. ऑक्सिजन संपत जाण्याने पाणी चढत असते तर ते जळतानाच हळूहळू चढायला हवे होते. खरे कारण उष्णता. तापलेली हवा प्रसरण पावते, थोडी बाहेर निसटते. ज्योत विझली की आतली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. तीन मेणबत्त्यांनी हवा जास्त तापते म्हणून पाणी जास्त चढते. ज्योत विझली तरी ग्लासात ऑक्सिजन उरलेलाच असतो, आणि जो खर्च होतो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते.

आमची मुले आमच्याकडे बघत होती. एक जण हळूच म्हणाला, "सर, हमारी कॉपी में तो दूसरा लिखा है." लिहिलेले होतेच, आम्हीच सांगितलेले. किती वर्गांनी ते लिहून घेतले असेल याचा हिशोब मनात सुरू झाला आणि आम्ही तो थांबवला. त्या मुलीला आम्ही शुक्रिया म्हणालो. ती लाजली आणि मेणबत्त्या पुसून ठेवू लागली.

दुपारी मैदानाच्या कडेला आळीपाळीने जुहर अदा केली, उरलेले डबे संपवले. मुलांना मोजले तर एक कमी. वाइंडिंगवाल्यांचा मुलगा! शोधत गेलो तर तो एका टेबलाच्या आतल्या बाजूला, प्रयोग दाखवणाऱ्या मुलांच्या शेजारी उभा.

तिथे एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे, एवढ्या सामानात फिरणारी मोटार होती. आमच्या मुलाला स्वतः एक वेटोळे करायचे होते. त्याची बोटे इतकी सफाईने चालली की समोरची मुले बघत राहिली. तारेवरचे इनॅमल त्याने ब्लेडने दोन्ही टोकांचे पूर्ण खरवडले, दुकानात जोड देण्याआधी खरवडतात तसे. वेटोळे पिनांवर ठेवले. ते थरथरले, जरा झुलले आणि थांबले.

समोरची मुलगी म्हणाली, "एका टोकाचे पूर्ण काढायचे, दुसऱ्याचे फक्त अर्ध्या बाजूचे." त्याने विचारले, "क्यूँ?" वर्गात त्याच्या तोंडून हा शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता. तिने बोट फिरवून दाखवले. अर्ध्या फेरीत चुंबक वेटोळ्याला पुढे ढकलतो. उरलेल्या अर्ध्या फेरीत वीज तशीच चालू राहिली तर तोच जोर त्याला मागे ओढतो. म्हणून त्या वेळेपुरती वीज तोडायची, वेटोळे आपल्या वेगानेच पुढे जाते. त्याने दुसरी तार घेतली, एक टोक अर्धेच खरवडले, ठेवले, बोटाने टिचकी मारली. वेटोळे भिंगरीसारखे फिरू लागले.

मग तो आमच्याकडे वळून जवळजवळ ओरडलाच, "सर, मिक्सर में कम्युटेटर इसी वास्ते रहता!" मिक्सरच्या मोटारीतले फटी असलेले तांब्याचे कडे आणि त्यावर घासणारे कार्बन त्याने शेकडो वेळा हाताळले होते. कार्बन झिजले की बदलायचे, हे त्याला पाठ होते. फिरत्या गुंडाळीतली वीज दर फेरीला योग्य वेळी उलटवण्याचे काम ते कडे करते, म्हणून मोटार एकाच दिशेने फिरत राहते, हे त्याला त्या दुपारी कळले. आणि आम्ही? आम्ही 'विद्युत चलित्र' हा पाठ शिकवताना फळ्यावर आकृती काढतो आणि त्यात 'दुभंगलेले कडे' असे लिहितो. वर्गात समोर बसलेल्या एका मुलाच्या घरी तशी डझनभर पडलेली असतात, हे आम्हाला सुचले नव्हते.

उर्दूत प्रयोगालाही 'तजरबा' म्हणतात आणि अनुभवालाही 'तजरबा'च. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत. परतीच्या बसमध्ये हे आम्ही मॅडमना सांगत होतो, तर मागून मुलांचा गलका, कागदी पंखे आणि स्ट्रॉच्या पिपाण्या. बुटीबोरीच्या पुढे आम्ही उभे राहून सर्वांना सांगितले की वहीतले मेणबत्तीचे उत्तर खोडा. एकीने विचारले, "परीक्षेत काय लिहायचे?" आम्ही सांगितले, जे काल पाहिले असते ते नको, आज पाहिले ते लिहा. गुण द्यायला आम्हीच आहोत.

इशाच्या अजानच्या आधी शेवटची मुलगी घरी पोहोचली.

दुसऱ्या आठवड्यात वाइंडिंगच्या दुकानात गेलो. मुलाचे वडील म्हणाले, "मास्टरसाब, ये तो दुकान का ही काम है, इसमें विज्ञान क्या?" आम्ही काही बोलण्याआधी मुलानेच उघडलेला मिक्सर पुढे ओढला आणि कड्यातल्या फटी दाखवून सांगायला सुरुवात केली. वडिलांनी हातातले काम थांबवले. मग त्यांनी आम्हाला विचारले, दहावीनंतर याचे काय शिकवतात? आयटीआयमध्ये विजतंत्री हा दोन वर्षांचा ट्रेड आहे आणि त्यात मोटार वाइंडिंगही शिकवतात, तसेच दहावीनंतर तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलची पदविका करता येते, हे त्यांना माहीत नव्हते. खरे तर ते आम्ही आधीच सांगायला हवे होते. "देखेंगे," एवढेच ते म्हणाले. दुकानात दुसरा हात नाही, हेही खरे आहे.

आणखी एक. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत सहावीपासूनच्या मुलांच्या नव्या कल्पना शाळेमार्फत ऑनलाइन पाठवता येतात आणि निवड झालेल्या मुलाला नमुना तयार करण्यासाठी १० हजार रुपये मिळतात. आमच्या शाळेने एकही कल्पना कधी पाठवली नव्हती. पालकांनी आपापल्या शाळेत याची चौकशी जरूर करावी.

पुढच्या महिन्यात मुलांना वर्ध्याच्या मगनवाडीत नेले. आपल्याच जिल्ह्यातले मगन संग्रहालय. ग्रामोद्योगांसाठीच्या या संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी केले. तिथे तऱ्हेतऱ्हेचे चरखे आहेत. आम्ही मुलांना सांगितले की १९२९ साली चरखा संघाने सुधारित चरखा बनवणाऱ्याला १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अट अशी की आठ तासांत १६ हजार फूट चांगले सूत निघावे आणि किंमत १५० रुपयांच्या वर नसावी. मुलांनी तिथेच हिशोब केला, जवळपास पाच किलोमीटर सूत! अनेकांनी यंत्रे करून पाहिली, पण ते बक्षीस कुणालाच मिळाले नाही. वाइंडिंगवाल्यांच्या मुलाने विचारले, "सर, वह इनाम अभी चालू है क्या?" सगळे हसले. तो मात्र चरख्याच्या चातीकडे वाकून बघत होता.

कपाट आता शनिवारी उघडे असते. सूक्ष्मदर्शकाचे प्लास्टिक मुलींनी काढले आणि पहिल्यांदा कांद्याचा पापुद्रा पाहिला. तिसऱ्या शनिवारी एक परीक्षानळी फुटली. ज्याच्या हातून फुटली तो रडवेला झाला होता. आम्ही साठा नोंदवही काढली आणि त्या रकान्यात लिहिले: प्रयोग करताना फुटली, एक नग.