अलेक्झांड्रियाच्या कोठारातल्या युरोपीय तलवारी

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये १४०० च्या सुमाराची एक युरोपीय तलवार आहे. पातं सरळ, दुधारी, परज आडवी, मुठीच्या टोकाला जड लट्टू. ख्रिस्ती सरदाराच्या कमरेला शोभावी अशीच. पात्यावर कोरलेली ओळ मात्र अरबी आहे. इजिप्तचा मामलुक सुलतान अल-मुअय्यद शेख याने ही तलवार अलेक्झांड्रिया या सरहद्दीवरच्या शहरातल्या शस्त्रागाराला दिली, असं ती सांगते. साल हिजरी ८२२, म्हणजे इ. स. १४१९.

अशा तलवारी टोरांटोत आहेत, लीड्समध्ये आहेत आणि इस्तंबूलमध्ये तर पुष्कळ आहेत. मजकूर बहुधा एकाच धाटणीचा: कोणी दिली, कुठे ठेवली, कधी ठेवली. काहींवर ती वक्फ केल्याचं, म्हणजे कोणालाही विकता येणार नाही अशी ठेव केल्याचं लिहिलं आहे. शत्रूला लोळवल्याची बढाई नाही. मला तर ही सरळसरळ कोठाराची जमानोंद वाटते, वहीऐवजी पोलादावर केलेली.

या तलवारी इजिप्तमध्ये आल्या कशा? सायप्रसचा राजा पहिला पीटर याने ऑक्टोबर १३६५ मध्ये अलेक्झांड्रिया लुटलं, आणि सर्वांत जुन्या नोंदींपैकी काही हिजरी ७६९ च्या, म्हणजे त्यानंतर दोन-तीन वर्षांतल्या आहेत. दुवा जोडण्याचा मोह होतो. पण पीटरची फौज थोड्याच दिवसांत लूट जहाजांत भरून निघून गेली. जिंकलेलं सैन्य आपल्याच तलवारींचे ढीग मागे ठेवून जात नाही. १४२६ मध्ये मामलुक सुलतान बार्सबायच्या सैन्याने सायप्रसचा राजा जानुस याला कैद करून कैरोला नेलं, आणि सायप्रस खंडणी देऊ लागलं. नंतरच्या तलवारींसाठी हे कारण पटतं, १४१९ च्या तलवारीसाठी नाही. उरतात नजराणे आणि व्यापार. मुसलमानांना शस्त्रं विकू नयेत, असा हुकूम लॅटरन परिषदेने ११७९ मध्येच काढला होता. तो पुढे पुन्हा पुन्हा काढावा लागला, यातच काय ते आलं! सगळ्या तलवारींचा उगम एकाच लढाईत शोधणं मला चुकीचं वाटतं.

युरोपातले कारागीर पात्यावर साल घालत नसत. त्यामुळे मध्ययुगीन तलवारींचं वर्गीकरण करणाऱ्या युअर्ट ओकशॉटसारख्या अभ्यासकाला या अरबी नोंदींचाच आधार मिळाला. तलवार नोंदीच्या सालाआधी घडलेली असणार, एवढं तरी पक्कं झालं. १५१७ मध्ये ऑटोमन सुलतान पहिला सलीम याने इजिप्त घेतला, आणि अलेक्झांड्रियाचा हा साठा पुढे इस्तंबूलला पोचला.

भारतातही असा दाखला आहे. १६८९ मध्ये दख्खनेतल्या आदोनीच्या किल्ल्यातून बिकानेरला गेलेल्या शस्त्रांवर ठिपक्याठिपक्यांनी देवनागरी नोंदी उमटवलेल्या आहेत, आणि दख्खनी शस्त्रांचा काळ ठरवताना अभ्यासक त्यांच्याकडेच वळतात. महाराष्ट्रातल्या संग्रहालयांनीही आपल्या तलवारींवरची बारीक अक्षरं वाचून, छायाचित्रांसह छापावीत.