अनोळखी पाण्यात गळ (लेखांक ४) : आधी तळ, मग गळ

खान्देशात नावेतून गळ टाकायला शिकायचं असेल तर पहिली फेरी मे महिन्यात मारावी, आणि तीही गळ न घेता. त्या दिवसांत धरणं पार खाली गेलेली असतात. साक्री तालुक्यातलं पांझरेवरचं अक्कलपाडा असो की नांदगाव तालुक्यातलं गिरणा धरण, डिसेंबरात जे पाणी काठापर्यंत एकसारखं पसरलेलं दिसतं, त्याच्या पोटात काय दडलंय ते मेमध्ये उघड्यावर येतं. पडक्या विहिरींचे कठडे, शेतांचे बांध, हिवर-बाभळीची खोडं आणि मुख्य म्हणजे नाल्यांची जुनी पात्रं. काठाकाठाने चालत हे सगळं वहीत उतरवून ठेवायचं. नवशिक्याची खरी कमाई ती वही.

गिरणा धरण १९६९ सालचं. त्याच्या आधीच्या सर्वेक्षणाचा जुना नकाशा मिळाला तर तोही सोबत असावा. नदी कुठून वळत होती, कोणता नाला तिला कुठे मिळत होता, हे त्यावर दिसतं. नकाशा नसेल तर काठच्या गावातल्या जुन्या माणसाला विचारावं. ‘आबा, आठे पानी कितलं शे?’ एवढ्या प्रश्नावर बुडालेल्या शेतांची नावं, कुठली विहीर कोणाची, आंबराई कुठे होती, असं सगळं निघत जातं. ते ऐकायला वेळ काढावा. उपग्रहाच्या चित्रात ते सापडत नाही.

मेमध्येच आणखी एक गोष्ट हमखास दिसते. सुकत आलेल्या गाळात परातीएवढे गोल, उथळ खळगे, एकाला लागून एक. ही चिलापीची घरटी. नर तोंडाने आणि शेपटीने माती उकरून खळगा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात घेऊन फिरते. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. आपल्या देशात तो १९५२ साली आणला गेला आणि साठलेल्या पाण्यात चांगलाच रुजला. अमेरिकेतल्या जलाशयांत नवशिके क्रॅपी नावाच्या मासोळीपासून सुरुवात करतात, कारण ती बुडालेल्या झाडोऱ्याभोवती थव्याने राहते आणि जागा सापडली की एकामागून एक लागते. आपल्याकडे ते काम चिलापी करते. म्हणून माझा आग्रह असा, की पहिल्या हंगामात मोठ्या कटल्याच्या मागे लागू नये. बारीक तंगूस, लहान गळ, गांडुळाचा तुकडा आणि चिलापी.

आता नाव पाण्यात घालू. हिवाळ्यातली सकाळ, काठावर कडाक्याची थंडी. चिलापी उबेचा मासा. गार पाण्यात ती सुस्तावते आणि रात्रभर निवालेला उथळ काठ सोडते. त्यामुळे पहाटे धावत जाण्यात अर्थ नाही. ऊन चढल्यावर, दहा-अकराच्या सुमारास, उतारावरच्या खोडांपाशी जावं. उन्हाळ्यात नेमकं उलटं, तेव्हा उजाडतानाची वेळ धरावी. ‘जितकं खोल पाणी तितका मासा जास्त’ हा समज मात्र सोडून द्यावा. एप्रिल-मेमध्ये वरचं पाणी तापतं, खालचं गारच राहतं आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी प्राणवायू कमी पडतो आणि मासे मधल्या थरात येतात.

खोली मोजायला यंत्र लागत नाही. सुतळीला दर हातावर गाठ मारायची, टोकाला सपाट बुडाचा दगड बांधायचा आणि दगडाच्या बुडाला ओला साबण चोपडायचा. दगड टेकला की गाठी मोजायच्या, वर घेतला की साबण पाहायचा. काळा चिकट गाळ आला तर पुढे सरकायचं. वाळू किंवा बारीक खडे आले आणि दोन वल्ह्यांच्या अंतरात खोली एकदम वाढली, तर आपण नाल्याच्या जुन्या काठावर आहोत. तिथे थांबायचं.

भुसावळजवळच्या हतनूरला ही युक्ती अपुरी पडते. १९८२च्या या धरणात तापी आणि पूर्णा दोन्ही येतात, आणि पूर्णा वऱ्हाडातली काळी माती घेऊन येते. गाळाने जुनी पात्रं बरीच बुजलीत, उथळ पाणी दूरवर पसरलंय. पक्ष्यांना ते मानवतं, नवख्या नावाड्याला नाही. नाव रुतली तर उतरून ढकलता येत नाही. पावसाळ्यात धरणाच्या ४१ दरवाजांच्या वर-खाली कुठेच नाव घालू नये. शिकायला हतनूर दुसऱ्या वर्षी.

पाणी चढतंय की उतरतंय, हे आदल्या संध्याकाळी काठावर काडी रोवून कळतं. कालव्याला आवर्तन सुटलं की पातळी घसरते आणि काठाचे मासे नाल्याच्या पात्राने खोलाकडे जातात. काल जिथे लागले तिथे आज बसून राहू नये. शिवाय काल बुडालेलं खोड आज नावेच्या तळाला लागू शकतं. दोघांनी जावं, जीवरक्षक जाकीट अंगात घालूनच बसावं. उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा उठायच्या आत काठाला लागावं.

परवानगी आधी घ्यायची. बहुतेक धरणांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. म्हणून संस्था पैसे मोजून मत्स्यबीज सोडते. तो मासा त्या घरांची मिळकत आहे. संस्थेच्या माणसाला विचारावं, गळाला रोहू लागला तर त्याचं काय करायचं तेही ठरवून घ्यावं. पाण्यावर रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या रांगेत तरंगताना दिसल्या तर खाली जाळं आहे असं समजून लांबून वळसा घालावा.

चांगली जागा सापडली की तिथूनच काठावरच्या दोन जोडखुणा धरायच्या. एका बाजूला जवळचं झाड आणि त्यामागचा विजेचा टॉवर एका रेषेत, दुसऱ्या बाजूला देवळाचा कळस आणि टेकडीची खाच एका रेषेत. या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, ती जागा वहीत तारीख आणि पाण्याच्या पातळीसह लिहून ठेवायची. पुढच्या आठवड्यात आमिषाकडे वळू.