शोभेचे मासे : टाकी केवढी व सोबत कोणाची?

शोभेच्या माशांचा जोडधंदा करू इच्छिणारे शेतकरी बहुधा आधी मासे आणतात व मग टाकीचा विचार करतात. नुकसान होते ते येथेच. हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळतो तो पृष्ठभागातून. म्हणून टाकी उंच असण्यापेक्षा पसरट असावी. दोन फूट लांब व एक फूट रुंद टाकीचा पृष्ठभाग २८८ चौरस इंच भरतो. लहान माशाच्या दर इंच लांबीस १२ चौरस इंच हे जुने प्रमाण धरल्यास तीत दीड इंची सोळा झेब्रा मासे मावतात. नवख्याने बारावरच थांबावे. हिशेब पिलांच्या नव्हे, पूर्ण वाढीच्या लांबीचा करावा.

डासांच्या अळ्या खाणारा, गावोगाव परिचित असलेला गप्पी हा मोली व प्लॅटी यांच्यासोबत सुखाने नांदतो. तिघांनाही विहिरीचे जड पाणी मानवते. एंजल मासा लहानपणी गरीब दिसतो खरा, पण वाढल्यावर गप्पीची पिले गिळतो. टायगर बार्ब लांब शेपट्या कुरतडतो. गोल्डफिश थंड पाण्याचा, शिवाय घाणही फार करणारा. त्यास वेगळेच ठेवावे. झेब्रा थव्याने राहतो. तो सहापेक्षा कमी ठेवू नये. नवे मासे पंधरा दिवस निराळ्या टाकीत ठेवल्याशिवाय जुन्यांत सोडू नयेत, हे ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांच्या ध्यानी आणून द्यावे.